अक्काला धाडलेली चित्रं

समुद्रापल्याड (ठिकाण लिहायची बंदी हाय)
भाऊबीज, सन १९४१

तीर्थस्वरूप अक्का,

दाजी खुशाल हायेत. आधी तेच लिहितो, न्हाईतर तू गुरुजींना पुढचं वाचूच देणार न्हाईस. मी पण खुशाल. आज भाऊबीज. तू अंगणात उभी राहून माझ्या नावानं चंद्राला ओवाळलं असशील अन् सासूबाई आतून म्हणल्या असतील, "आता तवा करपतोय तिकडं." हे मला हितं बसून दिसून राहिलंय.

रेणुकादास गुरुजी, तुम्हाला रामकिशनचा नमस्कार. शाळा सुटल्यावर माझी पत्रं वाचून दाखवायचं काम तुम्ही पत्करलंत, लई उपकार झाले. फक्त एक करा, चित्रं तिला समजावून सांगायच्या फंदात पडू नका. अक्काला अक्षर येत न्हाई, पण चित्र तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आमचे आबा लग्नघरांच्या भिंतीवर हत्ती-घोडे काढायचे तेव्हा काव अन् नीळ घोटायला हीच बसायची. आबांची एक रेघ चुकली की हिच्या भुवया वर जायच्या.

अक्का, चार चित्रं धाडलीत. सहा होती. दोन आमच्या कप्तान साहेबानं फाडली, त्यात तोफ दिसत होती म्हणून. जहाजाच्या चित्रात कठड्यावर वाकून ओकणारा जो हाय तो मीच. दाजींना काही झालं न्हाई, ते तिसऱ्या दिवशी पण ज्वारीची भाकर मागत होते.

ती ओळीनं उभी झाडं रबराची. सालीला चीर देतात अन् खाली वाटी बांधतात. रात्रभर त्यात दुधासारखा चीक गळतो. मैलोन् मैल तीच झाडं, आत शिरलं की पुढचं-मागचं काही कळत न्हाई. तिसरं चित्र आमच्या पलटणीतल्या पोरांच्या तोंडांचं. सगळे माझ्याकडून तोंड काढून घेतात अन् घरी धाडतात. कुणाला मिशी जरा जास्त पाहिजे, कुणाला देवीचे वण नको. मी म्हणतो, वण हायेत तर येणारच.

चौथ्यात दाजी दाढी करून राहिलेत. त्यांच्या गंजीफ्रॉकला काखेत भोक हाय, ते पण काढलंय. दाजी म्हणले, "भोक कशाला काढलंस रे? तुझी अक्का मला शिव्या घालील." घाल बिनधास्त.

तुला आठवतं का, पाटलाच्या भिंतीवर मी भालदार काढला अन् त्याच्या पायाला सहा बोटं काढली? पाटलाच्या खऱ्या भालदाराला सहाच होती. आबांनी असा कान पिळला की दोन दिवस लाल होता. तूच मधी पडलीस. म्हणलीस, "त्याचा हात खोटं काढत न्हाई आबा, त्याला तो तरी काय करील?"

मागल्या भाऊबीजेला तू ओवाळणीत लुगडं मागितलं न्हाईस. म्हणलीस, "तूच ह्यांना फौजेत नेऊन राहिलास, तूच परत आण. हीच माझी ओवाळणी." मी पाटावर बसून हाव, आणतो म्हणलो. माझ्या ध्यानात हाय. काळजी करू नको, ते माझ्या डोळ्यासमोरच असतात. आत्ता बी समोर बसून बुटाला पॉलिश करून राहिलेत अन् विचारतात, किती लिहितोस रे.

तुझा,
रामा


बंगळूर, लष्करी दवाखाना
माघ वद्य ५, सन १९४२

गुरुजी,

हे आधी एकट्यानं वाचा. मग सासूबाई अन् थोरले दीर किशनराव यांना बोलवा, अन् मग अक्काला सांगा. एकदम सांगू नका.

अक्का, दाजी गेले.

पौषात गेले. आम्ही मागं हटत होतो, रबराच्या बनातून. बॉम्ब जवळ पडला. लगेच गेले, काही त्रास झाला न्हाई. मी जवळ होतो. तोंडात पाणी घातलं. शेवटचं पाणी माझ्या हातचं मिळालं त्यांना. बाटली तिथंच त्यांच्या हाताशी ठेवली. अग्नी देता आला न्हाई, वेळ नव्हता, दुश्मन मागंच होता.

पलटणीचा कागद येईल. त्यात साक्ष माझीच हाय.

मला पुढं दोन दिवसांनी छर्रे लागले. डाव्या हाताची दोन बोटं गेली. उजवा शाबूत हाय. जखमींच्या जहाजात घातलं म्हणून सुटलो, बाकीच्यांचं काय झालं ठावं न्हाई. सिंगापूर पडतंय म्हणतात.

तुला कागदावरचं पटायचं न्हाई म्हणून चित्र काढलंय. हितं खाटेवर बसून काढलं, पण सगळं जसंच्या तसं हाय. झाडाखाली निजल्यासारखे दिसतात. तसेच होते. तोंडावर काही नव्हतं, दुखणं न्हाई की भ्याव न्हाई.

ओवाळणीचं मला काही बोलू नको. बाकी लिहवत न्हाई.

रामकिशन


मुदखेड
श्रावण वद्य ३, सन १९४३

अक्का,

राखी पोचली. मला येता आलं न्हाई. हितं रेल्वेत पेंटरची जागा मिळाली, नवीन नोकरी हाय, साहेब रुखसत देत न्हाई.

काल किशनराव आले होते. लातूरहून मोटारीनं नांदेड अन् तिथून रेल्वेनं, एवढ्या पावसापाण्याचा माणूस आला अन् माझ्यासमोर डोकं धरून बसला. म्हणले, दीड वर्ष झालं, तुझी बहीण कुंकू पुसत न्हाई, बांगड्या फोडू देत न्हाई. तेराव्याला बसली न्हाई. बाया पाण्यावर तिला बघून घागर उचलून दुसरीकडं जातात. म्हाताऱ्या आईनं अन्न सोडलं तेव्हा तिच्यासमोर म्हणे तू जेवून दाखवलंस.

अन् विचारलं तर एकच म्हणतेस, "चित्रातला माणूस मेलेला न्हाई. रामाला विचारा त्यानं काय काढलंय."

रामाला काय विचारायचं? रामानं डोळ्यानं बघितलं ते काढलं. तूच म्हणायचीस ना, माझा हात खोटं काढत न्हाई? मग आता काहून ऐकत न्हाईस? कागद आला, शिक्का हाय, साक्ष हाय. सख्ख्या भावाची साक्ष हाय. अजून काय पाहिजे तुला?

किशनराव वाईट माणूस न्हाई. ते म्हणले, तूच लिही, ती तुझंच ऐकते. म्हणून लिहितोय. अक्का, कुंकू पूस. माझ्या गळ्याची शपथ हाय. तुझ्या अशा वागण्यानं दाजींच्या जिवाला पण सुख मिळायचं न्हाई.

गुरुजी, हे तिला नीट, जोर देऊन वाचून दाखवा. तुमचा शब्द ती मानते.

रामकिशन


मुदखेड
फाल्गुन शुद्ध ७, सन १९४६

अक्का, माझी अक्का,

किशनरावांचा माणूस पेढे घेऊन आला तेव्हा मी शिडीवर होतो. त्यानं खालून ओरडून सांगितलं, "हणमंतराव आले, जिवंत आले!" रंगाचा डबा हातातून सुटला अन् स्टेशन मास्तरच्या धुतल्या कोटावर गेला. मास्तरनं मला शिव्या घातल्या, मग कारण कळल्यावर त्यानंच पेढा मागून खाल्ला.

साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत! अन् आपण समजून राहिलो... पाय गेला म्हणतात, उजवा, गुडघ्याच्या वरून. जाऊ दे अक्का, माणूस आला. तुझंच खरं झालं. तुझ्या कुंकवानं आणला त्यांना. सासूबाई आता तुला डोक्यावर घेऊन नाचत असतील. बाया आता घागर घेऊन कुठं जातात, विचार त्यांना.

तो माणूस सांगत होता, दाजी सगळ्यांना म्हणतात, "मी निपचित पडलो होतो, रामाला वाटलं मेलो. लढाईच्या धांदलीत कुणालाही वाटंल. त्याचा काय दोष?" दाजींचं मन मोठं. तसंच झालं होतं. नाडी लागली न्हाई. बनात अंधार होता, अन् मला तरी कुठं नाडी बघता येती.

तुला मी कुंकू पुसायला सांगितलं होतं. ते विसर.

मला लगेच येता यायचं न्हाई. हितून आदिलाबादेपर्यंत सगळ्या स्टेशनांचे बोर्ड नवे करायचा हुकूम निघालाय. उर्दू, मराठी, तेलुगू, इंग्रजी, एकेका बोर्डावर चार वेळा तेच नाव. मला हे काम आवडतं. अक्षर काय म्हणतं ते दुसऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं, आपण फक्त रंग भरायचा. चित्र काढायचं मी सोडलंय. पलटणीतलं सगळं जाळलं, तोंडं बी जाळली.

तुझ्याकडं दाजींचं ते झाडाखालचं राहिलंय. आता त्याचं काय काम? जित्या माणसाचं तसलं चित्र घरात ठेवणं बरं न्हाई. चुलीत घाल.

रामा


मुदखेड
आश्विन शुद्ध १३, सन १९४६

अक्का,

गुरुजी, हे पत्र फक्त अक्काला वाचून दाखवा. दार लावून. तुम्हाला ऐकावं लागणार, त्याला इलाज न्हाई. मला तुमच्यासमोर तोंड दाखवायची बी लाज वाटेल, पण तिला अक्षर येत न्हाई हे माझ्या नशिबाचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाजी आले होते, तुला ठावं हाय, तूच धाडलंस. काखेत कुबडी घेऊन एकटेच गाडीतून उतरले. मी फलाटावरच्या बाकाला रंग देत होतो. मला पळावं वाटलं. खरं सांगतो, ब्रश तिथंच टाकून मागल्या रुळावर निघालो होतो. दाजींनी हाक मारली, "रामा, थांब." तेच दोन शब्द. ते मी आधी पण ऐकले होते, त्याच आवाजात, म्हणून पायच उचलंना.

दोन तास बसलो. त्यांनी मला सोनं दिलं, आपट्याची सुकलेली पानं लातूरहून खिशात घालून आणली होती. तुझं सांगितलं, तूर कशी आली ते सांगितलं, सासूबाईंना आता दिसत न्हाई ते सांगितलं. एक शब्द बोलले न्हाईत त्या दिवसाबद्दल मला दूषण द्यायला. मी चहा आणला तर म्हणले, "साखर लई टाकून राहिलास, अक्का बघंल तर ओरडंल." गाडी आली तेव्हा म्हणले, "भाऊबीजेला ये. पाच वर्षं झाली, बहीण चंद्राला ओवाळून राहिली." अन् चढता चढता हळूच म्हणले, "मी तिला काही सांगितलं न्हाई रे. तिनं बी कधी विचारलं न्हाई."

त्यांनी मला जोड्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. हे वाक्य घेऊन मी दोन दिवस हिंडतोय. जेवण जात न्हाई. म्हणून सांगतो.

अक्का, दाजी निपचित पडले नव्हते. माझ्याशी बोलत होते.

बॉम्ब पडला हे खरं. मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला, रक्त धो धो. मी माझ्या पायाची पट्टी सोडली अन् गुडघ्याच्या वर आवळून बांधली. रक्त थांबलं. मग त्यांना खांद्यावर घेऊन निघालो, शंभर पावलं गेलो असेन. बाकीची पलटण पुढं निघून गेली होती. मागून जपान्यांचे आवाज येऊन राहिले, हसण्याचे. अक्का, ते सायकलींवर होते अन् हसत होते. मला त्या हसण्याचं जेवढं भ्याव वाटलं तेवढं तोफेचं वाटलं न्हाई.

मी दाजींना झाडाखाली ठेवलं. त्यांनी माझा पाय धरला, दोन्ही हातांनी. मी सोडवला. ते म्हणले, "रामा, थांब." मी थांबलो न्हाई.

कप्तान साहेबानं विचारलं, हणमंतराव कुठं? मी म्हणलो, गेला. त्यानं वहीत लिहून घेतलं. एकदा लिहिल्यावर मागं घेता आलं न्हाई. मग तुला तसं चित्र काढलं, डोळे मिटलेलं. अन् त्यावर कडी म्हणजे तुला कुंकू पूस म्हणलो, गळ्याची शपथ घातली. का तर तू कुंकू लावत होतीस तोवर मला झोप लागत नव्हती. दाजी खरंच मेलेले असावेत असं मला वाटायचं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

झालं. सगळं सांगितलं. आता तू ठरव. न्हाई बोलावलंस तर मी समजंन.

रामा


मुदखेड
आश्विन वद्य १२, सन १९४६

अक्का,

गुरुजी, हे पत्र मोठ्यानं वाचा. सासूबाई, किशनराव, दाजी, सगळे असताना वाचा. शेजारणींना ऐकू गेलं तरी चालंल.

तुझं पार्सल काल मिळालं. ते चित्र तू जाळलं न्हाईस. अन् गुरुजींच्या हातानं लिहिलेला तुझा निरोप, तो मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला. हितं उतरवतो, म्हणजे मी नीट वाचला हे तुला कळंल.

"रामा, तू आता सांगितलंस ते मला चित्र आलं त्याच दिवशी कळलं होतं. मेलेल्या माणसाच्या पायाला कुणी पट्टी बांधतं का रे? अन् गाठ कसली, तर आपल्या घरची, रंगाच्या पुड्यांना आई मारायची ती निरगाठ, दोन शेंड्या वर काढलेली. ती तू डोक्यानं काढली न्हाईस, तुझ्या हातानं काढली. तेव्हाच समजले, हा त्यांना जितं सोडून आलाय. लई रडले. तुझ्या नावानं बोटं मोडली. मेला असतास तर बरं, असं पण म्हणले. मग चित्रात खाली बघितलं. त्यांच्या उजव्या हाताशी पाण्याची बाटली, बूच काढून ठेवलेली. म्हणलं, भ्यालं असंल लेकरू, पळालं असंल, पण पाणी ठेवून पळालं. बूच सुद्धा काढून ठेवलं, त्यांना कष्ट नको म्हणून. त्या बाटलीवर मी चार वर्षं जीव धरला. पाणी हाय तर माणूस तगंल म्हणलं. अन् त्या बाटलीसाठीच तुला भाऊ म्हणत राहिले, राखी धाडत राहिले. झालं गेलं. पाट मांडून ठेवते, ये."

चित्र उलगडून बघितलं. गेलेल्या माणसाच्या चित्राला कपाळावर गंध लावतात. ह्यात कपाळ कोरं हाय. गाठीवर मात्र कुंकू, थरावर थर, रोज लावल्यासारखं. अन् बाटली जिथं काढलीय तिथला कागद बोटं फिरवून फिरवून इतका पातळ झालाय की पलीकडचा उजेड दिसतो.

अक्का, मी गप बसलो असतो तर ह्या भाऊबीजेला तू मला ओवाळलं असतंस. दाजी काही बोलले नसते. त्यांना बोलायचं असतं तर फाल्गुनातच बोलले असते. मी अंघोळ करून, नवीन धोतर घेऊन, येऊन पाटावर बसलो असतो अन् तू मला पाणी ठेवून पळालेला भाऊ म्हणून लाडू वाढला असतास. काल सांजेपर्यंत माझं तसंच ठरलं होतं. धोतर घेतलं पण.

गाठ माझ्या हातानं काढली हे तुझं खरं. बाटली मी काढली.

तिथं बाटली नव्हती.

मागल्या पत्रात लिहिलं की दाजींनी माझा पाय धरला अन् मी सोडवला. तसं झालं न्हाई. दाजींच्या हातात किती जोर, तुला ठावं हाय, पोळ्याला बैल धरायचे ते एका हातानं. ती मिठी मला सुटत नव्हती. मग मी म्हणलो, "दाजी, पाणी आणतो. पलीकडं ओढा हाय. तुमची बाटली द्या, भरून आणतो."

त्यांची बाटली भरलेलीच होती. त्यांनी सकाळपासून राखून ठेवली होती. तरी त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, पाय सोडला, अन् बाटलीचा पट्टा स्वतःच्या डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला. मग मी निघालो अन् मग ते म्हणले, "रामा, थांब." मी भरलेली बाटली घेऊन पळालो. माझी अर्धी होती, ती पण माझ्याकडंच होती. वाटेत दोन्ही प्यालो.

दाजींनी त्या दिवशी फलाटावरच्या बाकावर बसून मला सांगितलं, कैदेतलं काही सांगावं तसं सहज, की दोन दिवस ते झाडाला बांधलेल्या वाट्यांतलं पाणी प्याले. पावसाचं, चीक मिसळलेलं. त्यानं ओठ चिकटायचे म्हणले. एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत सरपटत. हे मी तुला मागल्या पत्रात लिहिलं न्हाई, मुद्दाम गाळलं. लिहिलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस, बाटली असताना वाट्यांतलं काहून प्याले?

दाजींनी माझी लाज झाकली. बायकोपासून झाकली. अन् मी त्याच लाजेचं चित्र काढून तुझ्या हातात दिलं अन् तू त्याच्यावर जीव धरलास. आबा असते तर म्हणले असते, बोटं डाव्या हाताची गेली ती चुकून गेली.

बाटली माझ्याकडं हाय. पाच वर्षं होत आली, आता खोलीत खुंटीला हाय, वरचं लोकरीचं कापड कसरीनं खाल्लं. त्या दिवसानंतर त्यातून मी कधी पाणी प्यालो न्हाई, टाकली पण न्हाई. भाऊबीजेला ती दाजींना परत द्यायला येतो. दुपारच्या मोटारीनं येईन अन् दाराबाहेर उभा राहीन. पाट मांडू नको. तू बाहेर आलीस तर ठीक, न्हाई आलीस तर उंबऱ्यावर बाटली ठेवून सांजच्या मोटारीनं परत जाईन. किशनरावांना म्हणावं, दार लावायचं असंल तर लावा, मला राग न्हाई.

हे सगळं तुला गुरुजींच्या तोंडून ऐकावं लागलं. ते मला पटंना. मी खोटं बोललो ते तुला कळणाऱ्या बोलीत बोललो, मग खरं काहून दुसऱ्याच्या तोंडून? म्हणून काल रंगाच्या खोलीत बसून चित्र काढलं. बोर्डाचा काळा रंग अन् काडी. चार वर्षांत हात आखडला होता, रेघा जाड आल्यात, तू भुवया वर करशील. ते ह्याच पाकिटात हाय.

गुरुजी, तुमचं वाचून झालं. आता कागद तिच्या हातात द्या.

अक्का, झाडाखाली दाजी हायेत. डोळे उघडे हायेत. पट्टी हाय, गाठ हाय. हाताशी काही न्हाई, नीट बघ, मोकळी माती हाय. अन् तो पाठमोरा पळणारा शिपाई मी. त्याच्या खांद्याला बाटल्या किती हायेत ते तूच मोज.

रामा